पान खावे की अर्क घ्यावा?

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. चहाच्या डब्यावर तो असतो, केसांच्या तेलावर असतो, चेहऱ्याच्या मलमावर असतो. लग्नाच्या दावतीत शेजारी बसलेली एखादी खालाही हळूच सांगते, "अमुक पानाचा अर्क घे, रक्त साफ होतं, साखर उतरते." शेवग्याची पाने, हिरवा चहा, ऑलिव्हची पाने, पेरूची पाने, या सगळ्यांचे अर्क आता बाटल्यांतून आणि कॅप्सूलमधून मिळू लागले आहेत.

गेली दोन वर्षे आमच्या घरात या विषयावर फार बोलणे झाले. त्याला दोन कारणे होती. आमची धाकटी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि तिचा प्रकल्पच मुळी शेवग्याच्या पानांवर होता. आणि त्याच सुमारास मुलांच्या फुफींच्या हाती कॅप्सूलची एक बाटली आली. जे शिकलो आणि जे पाहिले ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

पानात असते काय?

आम्ही कोकणातले. परसात शेवगा आहेच. गोकुळाष्टमीला शेजारच्या घरी आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी होते आणि एक डबा आमच्याकडे येतो. ओले खोबरे, लसूण आणि हा पाला आमच्याही दस्तरख्वानावर पावसाळ्यात अनेकदा असतो. पण या पाल्यात नेमके काय असते, हे धाकटीने सांगेपर्यंत आम्ही कधी विचारले नव्हते.

तिने सुरुवात केली ती खवट खोबऱ्यापासून. जुने खोबरे, जुने तूप, उघडे राहिलेले तेल खवट होते, कारण हवेतला ऑक्सिजन त्यातल्या स्निग्ध पदार्थांवर हल्ला करतो. कापून ठेवलेले वांगे काळे पडते, तोही ऑक्सिजनचाच खेळ. आपल्या शरीरातही श्वासाबरोबर घेतलेला ऑक्सिजन वापरला जाताना काही आक्रमक कण तयार होतात. त्यांना आवरणारी यंत्रणा अल्लाहने शरीरातच ठेवली आहे, आणि आहारातून येणारे काही पदार्थ तिला मदत करतात.

पानाची अडचण आपल्याहून मोठी. ते दिवसभर उन्हात उभे असते आणि स्वतःच ऑक्सिजन तयार करते. म्हणून ते आपल्या बचावासाठी अनेक रसायने बनवते. शेवग्याच्या पानात क जीवनसत्त्व असते, बीटा-कॅरोटीन असते, क्लोरोजेनिक आम्ल असते, आणि क्वेर्सेटिन व केम्फेरॉल या नावांची पिवळसर द्रव्ये असतात. यांनाच आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो. ती पानाने आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी केलेली असतात. आपल्याला त्यांचा फायदा किती आणि कोणत्या मापात होतो, हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे.

अर्क म्हणजे घाम

'अर्क' हा शब्द अरबीतल्या 'अरक'वरून आला. त्याचा अर्थ घाम. भट्टीवरच्या भांड्यातली वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते, ती घामासारखी दिसते, म्हणून हे नाव. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला अरबीत 'अल-अंबीक' म्हणत आणि इंग्रजीत तेच नाव थोडे बदलून गेले. नवव्या शतकात अल-किंदी यांच्या नावाने अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवरचा एक ग्रंथ आहे. कन्नौजमध्ये आजही देग आणि भपक्यातून गुलाबाचा अर्क काढतात. आपल्या वडीलधाऱ्यांना अर्क म्हटले की हाच आठवतो.

पण धाकटीने इथे आम्हाला थांबवले. वाफेबरोबर उडून येतो तो सुगंध. क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत, ती भांड्याच्या तळाशी चोथ्यातच राहतात. म्हणून पानातले अँटिऑक्सिडंट काढायचे तर भट्टी कामाची नाही. पान एखाद्या द्रवात भिजत घालावे लागते. चहा करतो तेव्हा आपण नेमके हेच करतो. तिथे द्रव असते पाणी.

पन्नास ग्रॅमची गोष्ट

धाकटीच्या प्रकल्पासाठी पहिला पाला ऑगस्टमध्ये काढला. कोकणातला ऑगस्ट म्हणजे सावलीत काही वाळत नाही. चार दिवसांत पाल्यावर बुरशी आली. उन्हात वाळवला तर क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन उन्हानेच खराब होते. शेवटी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर दुसरा पाला काढला, माळ्यावर जुन्या सुती चादरीवर पसरला. दोन किलो ओला पाला वाळल्यावर अर्धा किलोही भरला नाही, कारण ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते.

त्यातली पन्नास ग्रॅम पूड तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत अर्धा लिटर द्रवात भिजत घातली. द्रवात सत्तर भाग इथेनॉल म्हणजे अल्कोहोल आणि तीस भाग पाणी. नुसत्या पाण्यात साखरा, प्रथिने आणि चिकट पदार्थ फार उतरतात. नुसत्या अल्कोहोलात हिरवा रंग आणि मेण जास्त येते. दोन्ही मिळून तिला हवी ती द्रव्ये चांगली निघतात. तीन दिवस ते झाकून अंधारात ठेवले, रोज दोन-तीनदा हलवले, मग गाळले.

आता त्यातला द्रव उडवायचा. पण गॅसवर उकळून नव्हे. यंत्रात हवेचा दाब कमी करतात, त्यामुळे अल्कोहोल ४०-४५ अंशांवरच उडते आणि आतले नाजूक पदार्थ भाजत नाहीत. उडालेले अल्कोहोल थंड होऊन दुसऱ्या भांड्यात जमते. मागे राहतो काळपट हिरवा, गुळाच्या काकवीसारखा चिकट गोळा. बाजारात ज्याला अर्क म्हणतात तो बहुतेक वेळा या पायरीवरचा असतो, वाळवून पूड केलेला. त्यात क्वेर्सेटिन असते, पण त्याबरोबर शेकडो इतर पदार्थही असतात.

शुद्धीकरण इथून पुढे सुरू होते. गोळा पाण्यात विरघळवून त्यात हेक्झेन घालून हलवतात. तेलगिरण्यांत पेंडीतले उरलेले तेल काढायला वापरतात तेच हे द्रव. हिरवा रंग आणि चरबी हेक्झेनमध्ये वर तरंगतात, खालचे पाणी तपकिरी राहते. वरचा थर टाकून द्यायचा. पानात क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला बांधलेले असते. ते सोडवण्यासाठी हे पाणी सौम्य आम्लासोबत गरम करावे लागते. मग इथाइल ॲसिटेट घालायचे. नखांचा रंग पुसायच्या द्रवाला जो वास येतो, तोच वास याचा. सुटलेले क्वेर्सेटिन पाण्यातून निघून त्यात जाते.

एवढे करूनही ते एकटे नसते. काचेच्या उभ्या नळीत सिलिकाची पांढरी भुकटी दाबून भरतात, वरून मिश्रण सोडतात आणि द्रव ओतत राहतात. प्रत्येक पदार्थ सिलिकाला कमी-अधिक चिकटतो, म्हणून कोणी लवकर उतरतो, कोणी उशिरा. धाकटी दहा-दहा मिलिलिटर वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत धरत बसायची आणि प्रत्येक नळीतला थेंब दिव्याखाली तपासायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज थकलेला पण खूश. "अम्मी, निघालं! अठरा मिलिग्रॅम."

दोन किलो पाल्यातून घेतलेल्या पन्नास ग्रॅम पुडीचे अठरा मिलिग्रॅम. चिमूटभर साखरेपेक्षाही कमी. फिकट पिवळी पूड, काचेच्या बोटभर कुपीच्या तळाशी चिकटलेली.

हे द्रव पेट घेणारे असतात आणि त्यांची वाफ छातीत जाते. घरी कोणी असा प्रयोग करू नये, मुलांना करू देऊ नये.

चहाच्या पानांमागची बाई

या कामात धाकटीला धीर देणारी एक गोष्ट तिच्या बाईंनी सांगितली होती. हिरव्या चहाच्या पानातले कॅटेचिन सर्वप्रथम वेगळे केले ते मिचियो त्सुजिमुरा या जपानी स्त्रीने, १९२९ साली. त्यांचा जन्म १८८८चा. होक्काइडोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत बिनपगारी सहायक म्हणून काम केले. पुढे त्या टोकियोला गेल्या, तर १९२३च्या भूकंपात तिथली प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. त्यांनी दुसऱ्या संस्थेत काम सुरू केले. १९२४मध्ये एका सहकाऱ्यासोबत हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, मग कॅटेचिन वेगळे केले, आणि १९३२मध्ये हिरव्या चहाच्या घटकांवरच्या संशोधनाबद्दल डॉक्टरेट मिळवली. शेतीशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणारी ती जपानमधली पहिली स्त्री.

आपल्या घरांत मुलगी रात्री आठपर्यंत प्रयोगशाळेत थांबते म्हटले की चार प्रश्न विचारले जातात. आमच्याकडेही विचारले गेले. धाकटीच्या दादींनी त्सुजिमुरांची गोष्ट ऐकली आणि एवढेच म्हणाल्या, "भूकंपानंतर ती बाई परत कामाला लागली. आपल्या पोरीला एक भाऊ आणायला गेला तर काय बिघडलं?" त्या दिवसापासून तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन जाऊ लागला.

जांभळ्याचे पिवळे, पण शरीरात काय?

पदार्थ अँटिऑक्सिडंट आहे की नाही हे पाहायची एक सोपी चाचणी असते. डीपीपीएच नावाचे जांभळे रसायन घ्यायचे, त्यात अर्काचे थेंब टाकायचे. जांभळा रंग जाऊन पिवळा झाला, की अर्कात ती शक्ती आहे. शेवग्याचा अर्क ही चाचणी छान उतरतो. जाहिरातींतले मोठमोठे आकडे अशाच चाचण्यांतून येतात.

पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. खाल्लेले क्वेर्सेटिन आतड्यातून फार थोडे रक्तात जाते आणि यकृत त्याचे रूप लगेच बदलते. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट शक्तीचा एक तक्ता प्रसिद्ध केला होता. २०१२मध्ये त्यांनी तो मागे घेतला, कारण त्या आकड्यांवरून माणसाच्या आरोग्याबद्दल काही सांगता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करत होते.

याहून गंभीर उदाहरण फिनलंडचे आहे. हिरव्या-पिवळ्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. १९९४मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नव्हता, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पानात शंभर पदार्थांच्या सोबतीने, चोथ्यात गुंतून, थोडे थोडे येणारे द्रव्य आणि तेच द्रव्य एकटे, मोठ्या मात्रेत, रोज, हे शरीराला सारखे नसते.

हिरव्या चहाचेही तसेच. पाण्यात भिजवून प्यालेला चहा पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात. पण त्याचा घट्ट अर्क कॅप्सूलमधून घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितले की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (चहातले मुख्य कॅटेचिन) घेतल्यास रक्तात यकृताच्या त्रासाची लक्षणे दिसू शकतात.

फुफींची बाटली

मुलांच्या फुफी चौसष्ट वर्षांच्या. बारा वर्षे मधुमेह. त्यांचा मुलगा कुवेतहून रजेवर आला तेव्हा आईसाठी मोठ्या मायेने एक बाटली घेऊन आला. शेवगा आणि हिरवा चहा यांचा अर्क, पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज दोन. बाटलीवर लिहिलेले '१० : १'.

फुफींनी त्या सुरू केल्या, आणि कोणाला न सांगता साखरेची संध्याकाळची गोळी बंद केली. दीड महिन्याने पायाला मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासले तर उपाशीपोटीची साखर २२८. आधी ती १४०च्या आसपास असे. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, बाटली बंद केली आणि यकृताचीही तपासणी करून घेतली. अल्हमदुलिल्लाह, यकृत ठीक निघाले. दोन महिन्यांत साखर उतरली.

तेव्हा फुफी धाकटीला म्हणाल्या होत्या, "अगो पोरी, पानच तर आहे. पानाने कोणाचं वाईट होतं?"

धाकटीने आपली कुपी त्यांच्या हातावर ठेवली. "फुफी, हे पान नाही. पानातलं इतकं सगळं काढून टाकल्यावर उरलं ते हे आहे. आणि तुमच्या बाटलीत काय उरलंय, ते बाटलीवर लिहिलेलंच नाही."

मग तिने हिशेब समजावला. '१० : १' म्हणजे दहा किलो पानापासून एक किलो अर्क. त्यात क्वेर्सेटिन किती, कॅटेचिन किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दोन कॅप्सूल म्हणजे दहा ग्रॅम वाळलेले पान. ओल्या पाल्यात मोजले तर मूठ-दोन मुठी. एक वाटी भाजीत त्याहून जास्त पाला असतो, शिवाय लोह, कॅल्शियम आणि चोथाही मिळतो. फुफी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराने कुवेतहून आणलं ते परसातच होतं."

हलालचा प्रश्न

फुफींनी विचारलेला आणखी एक प्रश्न अनेक घरांत येतो. अर्क अल्कोहोलात काढतात, मग तो चालतो का? आणि कॅप्सूलचे आवरण कशाचे?

आवरणाचे उत्तर सोपे. पारदर्शक मऊ-कडक आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होते. ते कोणत्या जनावराचे, हे बाटलीवर अनेकदा लिहिलेले नसते. वनस्पतीच्या तंतूंपासून केलेली आवरणेही मिळतात. त्या बाटल्यांवर तसे लिहिलेले असते.

अल्कोहोलबाबत आम्ही मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी धाकटीलाच विचारले की शेवटी अल्कोहोल उरते किती. तिने सांगितले, उडवून काढतात, पण शेवटचा अंश मोजल्याशिवाय सांगता येत नाही. मौलाना म्हणाले की द्रावक म्हणून वापरलेल्या अल्कोहोलविषयी उलमांची मते एकसारखी नाहीत. डॉक्टरने गरजेचे म्हणून दिलेले औषध आणि हौसेने घेतलेली गोळी यांत फरक आहे. जिथे तेच पान स्वच्छ, निःशंक मिळते, तिथे शंकेच्या वस्तूमागे जायचे कारण नाही. ज्यांना हा प्रश्न पडेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. केवळ पाण्यात काढलेले अर्कही असतात, हे माहीत असलेले बरे.

आमच्या घरी ठरले ते

शेवग्याचा पाला आठवड्यातून एक-दोनदा होतो. डाळीत किंवा भाजीत तो शेवटी घालायचा, फार शिजवायचा नाही, शिजवलेले पाणी ओतून द्यायचे नाही. फोडणीला थोडे तेल असू द्यायचे, कारण कॅरोटीन तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. वाळवायचा तर सावलीत, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवायचा.

जेवणावर लगेच चहा बंद केला. चहातली हीच द्रव्ये, ज्यांची एवढी स्तुती होते, ती पालेभाजी आणि डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात. आमच्या थोरल्या सुनेचे हिमोग्लोबिन कमी होते. डॉक्टरांनी लोहाची गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. आता चहा जेवणानंतर तासाभराने होतो, आधी सगळे कुरकुरले, मग सवय झाली.

साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची गोळी ज्यांना आहे त्यांनी कोणताही अर्क डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांच्या विरुद्ध जाते, म्हणून अशा माणसाने भाजीचे प्रमाणही एकदम वाढवायचे नाही. गरोदर बायकांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी तर अर्काच्या वाटेला जाऊच नये. आणि कुठल्याही पानासाठी चालू औषध स्वतःहून बंद करायचे नाही.

धाकटी आता पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. तिला पुढे पाहायचे आहे ते हे, की शेवग्याच्या अर्कामुळे साठवलेल्या खोबरेलाला खवटपणा किती उशिरा येतो. रोजमेरीच्या पानांचा अर्क तेले टिकवण्यासाठी आजही वापरतात, मग आपल्या शेवग्याचा का नको? फुफींनी त्यासाठी आपल्या झाडाचाही पाला देऊ केला आहे. त्यांची अट एकच. पाला दिवाळीनंतरच काढायचा, आणि अर्धा भाजीला ठेवायचा.